बारशाची आत्या परत धाडली

म्हसावद, वैशाख शु. ४
लिहायला फार उशीर झाला, माफी असावी. कोणाची मागतो ते मलाही कळत नाही. आखाजीच्या सणासाठी लेक शेवंता आठ दिवस आधीच माहेरी आणली, तेव्हापासून हात चालेना. तिला सातवा महिना. तिच्या मायनं न्हाऊ घालताना पाठ पाहिली, पोटावरचं काळंनिळं पाहिलं.
"पडी गयू, माय."
"पडीसन अशा वळ उठतस का?"
मग बोलली. कळसाडीच्या जावयानं लाथ घातली. भाकर करपली म्हणून.

शु. ११
मुलगा झाला. दिवस भरले नव्हते. धड रडलाही नाही. सुईण म्हणते, पोटाला मार लागला की असंच होतं. सरकी काढलेल्या कापसात ठेवलाय. दार वाजलं की शेवंता दचकून त्याला पदराखाली घेते. दूध उतरत नाही. देवापुढे बसलो, जावयाचा पाय झडावा एवढंच मागितलं. दुसरं सुचलं नाही.

वद्य ७
बारसं. जावयाची बहीण कुंची घेऊन आली. "आत्याबिगर नाव कसं ठेवशात, बाबा?"
मी पाळण्यापुढे आडवा उभा. म्हटलं, "नाव मंग सांग. पहिले त्याना कानमा सांग, तुन्हा बापनी तुन्ही मायना पोटवर लाथ मारी."
ती कुंची काखेत मारून गेली. मला फार गोड वाटलं. पोटभर जेवलो.

व. ८
गावभर तेच. जावयापर्यंत गेलं असेल. जावंच. शेवंताची माय मात्र तोंड फिरवून. "तुम्हना राग मोठा व्हयना. पोऱ्या बिननावना ऱ्हायना." दुसरं नाव ठेवू म्हटलं. पण आत्याशिवाय कोण ठेवणार? आणि तिला आता बोलावू कसा? नाही बोलावणार.

व. १०
पोर सकाळपासून पीत नाही. अंग गार. मायलेकी गाडीनं शहाद्याला, सरकारी दवाखान्यात. मी घर राखायला. आता जावयाचा निरोप: उद्या पंच घेऊन येतो, बायको-मुलगा हवाली करा. येऊ दे. त्याच्या बहिणीला सुनावलं तेच पंचांदेखत त्याला सुनावीन. पोर जगलं असेल तर. नसेल तर बोलत बसणार नाही, कोयता दारामागे ठेवलाय.
शेवंता, सांगावा धाड. बाजारकरी, गाडीवाला, कोणीही चालेल. पोर प्यालं का, एवढंच. जावई दारात यायच्या आत कळव, बाई.