बसून प्रार्थना करण्याच्या परवानगीबाबत

आपलं गाव, चू नदीचं खोरं, किरगिझस्तान
रविवार, दुपारच्या चहानंतर

आदरणीय वडील बंधू आणि (दुसरं कोणी निवडायला माणसंच उरली नाहीत म्हणून) अजूनही आमच्या मंडळीचे उपदेशक, श्री. कोर्नेलियस हार्डर यांस,

धाकटी बहीण जस्टिना हिचा प्रभूच्या नावात सलाम. आम्ही तिघंही जिवंत आहोत, तुमचंही तसंच चाललं असेल. ('यांस' आणि 'तुमचं' इथेच संपलं. ते उपदेशकाला होतं. यापुढचं पत्र भावाला आहे, आणि ज्याच्या डोक्यात मी दुधाची किटली हाणली होती त्याला मी या वयात अहो-जाहो करणार नाही.) तुझी कंबर, तुझी साखर, तुझी सून हेलेना आणि बटण दाबलं की वर-खाली होणारा तो जर्मन पलंग, सगळ्यांची खुशाली कळव. माझं म्हणशील तर बिश्केकहून आलेल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, वयाच्या मानाने उत्तम. 'वयाच्या मानाने' हे शेपूट माझ्या तब्येतीला पूर्वी कोणी लावत नसे.

मागच्या पत्रात तू तीनच गोष्टी विचारल्यास. रविवारची उपासना नेमाने होते का, प्रार्थना गुडघ्यांवरच होते का, आणि पेटर अजून बेसूर गातो का. मी कशी आहे हे विचारायला कागद संपला असावा. असो. तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे आणि ते लांबलचक आहे, तेव्हा चष्मा पुसून, उशी पाठीशी घेऊन वाच.

पेटर उन्रू आता त्र्याऐंशीचा आहे. एका कानाने ऐकतो, तेही आपल्याला हवं तेवढंच. टीना एप एक्क्याऐंशीची. ती १९९८ पासून मरणाच्या दारात बसलेली आहे, पण आतून कोणी दार उघडत नाही, आणि बसल्या-बसल्या ती दरवर्षी चाळीस बरण्या आलुबुखारचा मुरंबा करते. मी अठ्ठ्याहत्तरची, म्हणजे मंडळीतली तरुणाई. तू जर्मनीला निघालास त्या दिवशी प्रार्थनाघराच्या उंबऱ्यात उभा राहून काय बोललास ते आठव. प्रार्थनेवर सरकारी बंदी होती त्या काळात बाप तुरुंगात गेला, पण आईने तळघरात बटाट्यांच्या ढिगावर गुडघे टेकून प्रार्थना केली, म्हणून या मंडळीत प्रार्थना होईल ती गुडघ्यांवरच. आम्ही रडत-रडत माना डोलावल्या. तेव्हा आमचे गुडघे पन्नाशीचे होते रे दादा! वचन देताना माणसाने आपल्या गुडघ्यांनाही विचारावं, हे कोणी सांगितलं नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारची गोष्ट. आम्ही तिघांनी गुडघे टेकले. (टेकणं अजून जमतं. खाली जायला जमीनच मदत करते.) पेटरने प्रार्थना सुरू केली. त्याची प्रार्थना तुला माहीत आहे, पण आता ती वाढली आहे. गावातून जर्मनीला गेलेल्या एकेचाळीस घरांतल्या एकेका माणसाचं तो नाव घेतो, विहिरीकडून निघून गिरणीपर्यंत, आधी डावी बाजू, मग परतीला उजवी. तिकडे जन्मलेली नातवंडंही पत्रांतून कळली तशी त्या-त्या घरात जाऊन बसली आहेत. एखादं नाव विसरला तर पुन्हा विहिरीपासून सुरू. त्या दिवशी तो थिसनांच्या घरापाशी दोनदा अडला. शेवटी 'आमेन' झालं तेव्हा माझे पाय माझे राहिले नव्हते.

उठायला म्हणून टीनाने बाक धरला, तो तिच्यासकट उलटला. तिला उठवायला मी वळले आणि कुशीवर पडले ती पडलेच. पेटर तेवढा ताठ होता, पण त्याचं कारण हे की त्याचे गुडघे कुलूप लागल्यासारखे अडकले होते आणि त्याला पुढेही जाता येईना, मागेही जाता येईना. वीस मिनिटं आम्ही एकमेकांना उत्तम सल्ले दिले. मग आरडाओरडा केला. पण शेजारच्या बुरुलच्या अंगणात दुधाची साय काढायचं यंत्र घरघरत होतं, (तुझ्या वेळी ती दारात दोरीच्या उड्या मारायची, आता तिलाच नातवंडं आहेत,) तिला काय ऐकू येणार? पेटर म्हणाला, गाऊ या. आम्ही जमिनीवरून दोन स्तुतिगीतं म्हटली. बुरुलने नंतर सांगितलं की तिने ती ऐकली आणि नवऱ्याला म्हणाली, "आज म्हातारी मंडळी रंगात आहेत हं!"

तेव्हा पेटरला सुचलं की आपल्याकडे सगळ्यात लांब ऐकू जाणारं गीत एकच, अंत्ययात्रेचं. ते केलेलंच मुळी रस्त्याने म्हणत जायला. शिवाय टीनाला सगळी कडवी पाठ असलेलं तेवढंच एक. म्हटलं ते आम्ही, जीव तोडून म्हटलं. आता बघ, आपल्या गावातल्या किरगिझ लोकांनी आपली किती प्रेतं खांद्यावर नेली! त्यांना आपलं दुसरं काही कळो न कळो, ही चाल बरोबर कळते. पहिलं कडवं संपायच्या आत यंत्र बंद झालं. दुसऱ्या कडव्याला दारं वाजायला लागली. चौथ्याला बुरुलचा नवरा सापार, त्यांच्या रिवाजाप्रमाणे कमरेवर हात ठेवून, मोठ्याने आक्रोश करत आपल्या प्रार्थनाघराच्या दाराशी येऊन उभा राहिला, आणि त्याच्यामागे अर्धी गल्ली.

कोण गेलं, हा प्रश्न कोणाला पडलाच नाही. टीनाच, दुसरं कोण?

"अगं माझ्या टीना-एजे, माझ्या थोरल्या बहिणी!" सापार बाहेरून हंबरडा फोडत होता. "माझ्या पोरांना मुरंबा चारून वाढवलंस गं! माझी गाय अडली तेव्हा बर्फातून चालत आलीस गं! असं सोन्याचं माणूस आता कुठे बघू गं!"

मी आतून हाक मारणार तेवढ्यात टीनाने उलट्या बाकाखालून हात काढून माझं तोंड दाबलं.

"गप्प बस जरा! आत्ता कुठे रंगात आलाय तो."

आणि दादा, तिने खरोखर सगळं ऐकून घेतलं. गाय, मुरंबा, सापारच्या आजारी आईचं अंग पुसलेलं ते, त्याच्या बहिणीच्या लग्नात शिवलेली रजई, सगळं. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं. सापार मध्येच थांबला तेव्हा हीच आतून ओरडली, "आणि बूट? तुला शाळेत जायला बूट कोणी दिले होते रे?"

मग दार उघडलं. सापार पांढराफटक. बुरुलने आम्हा तिघांकडे पाहिलं, एकदा मोजलं, पुन्हा मोजलं.

"मेलंय कोण?"

"कोणीच नाही," पेटर गुडघ्यांवरूनच अदबीने म्हणाला. "तसदीबद्दल माफ करा."

"अहो पण मयताच्या जेवणाला मेंढी कापली की पोरांनी!" बुरुल कडाडली. "नाही, कोणीतरी मेलंच पाहिजे असं माझं म्हणणं नाही. पण मेंढी तर मेली ना?"

मग काय होणार? बुरुलने आम्हाला एकेक करून उचललं. (वीस लिटरचे कॅन उचलणारे हात. मला तिने असं उभं केलं की पाय जमिनीला लागले हे मला नंतर कळलं.) आणि सगळी गल्ली तिच्या अंगणात जेवायला बसली, टीनाच्या मयताच्या जेवणाला टीना स्वतः पहिल्या पंगतीत, हातात हाड. आमची जेवणाआधीची प्रार्थना झाली, मग सापारने तळवे वर करून त्यांची दुवा मागितली. टीना दोन्हींना मोठ्याने आमेन म्हणाली. इतकं हसून पोट दुखल्याला किती वर्षं झाली होती! खरं सांगू दादा, जमिनीवर आडवी पडून छताकडे बघतानाच मला हसू यायला लागलं होतं. मला वाटलं होतं की असं पडल्यावर भीती वाटेल, देव लांब गेल्यासारखा वाटेल. तसं काहीच झालं नाही. आईच्या मांडीवर पडल्यावर जेवढं निर्धास्त वाटायचं तेवढं वाटलं. मरणाबद्दल मी रविवारी इतकी वर्षं ऐकत आले, पण मला ते त्या दिवशी पटलं की आपल्याला न्यायला येणारा परका नाही.

इथे पत्र संपवता आलं असतं. पण पुढचं वाईट आहे.

पेटरला हे लागलं. पुढचे दोन रविवार बुरुल मागच्या बाकावर विणकाम घेऊन बसली आणि आमेन झालं की आम्हाला उचलू लागली. तिला एकेचाळीस घरं आता जवळजवळ पाठ आहेत. पेटर अडला तर ती मागून सांगते, "बाबा, उजवीकडे निळं फाटक राहिलं." पण पेटरचं तोंड उतरलं. बाईमाणसाने दर रविवारी पोत्यासारखं उचलावं हे त्याला सोसेना. सापारने हे ऐकलं आणि घरातल्या तीन खुर्च्या आणून ठेवल्या. म्हणाला, "आमच्या मशिदीत म्हाताऱ्यांसाठी खुर्च्या येऊन चार वर्षं झाली. तुमचा देव काय जास्त कडक आहे का?" टीना लगेच बसली. मीही बसले (लिहून टाकते, कबुली असू दे). पेटर बसेना. मी म्हटलं, बस रे बाबा. तर म्हणतो, कोर्नेलियसने सांगितलंय, मी त्याला शब्द दिलाय, आणि ज्याला गुडघे टेकता येत नाहीत त्याने मंडळीपुढे तोंड उघडू नये.

आज तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि गप्प राहिला. टीनाने दोन ओळी म्हटल्या, मी दोन ओळी म्हटल्या, आणि झालं. तीस वर्षांत पहिल्यांदा एकेचाळीस घरांची नावं घेतली गेली नाहीत. तुझंही नाही. जाताना तो म्हणाला की हिवाळ्यात प्रार्थनाघराची भट्टी पेटवून उगाच कोळसा जाळू नये, कुलूप लावून टाकू. टीना हे ऐकून घरी गेली आणि मुरंब्याची कढई तशीच टाकून झोपली. तिचं हे आजारपण मी १९९८ पासून बघते आहे, आणि आज पहिल्यांदा मला तिच्या मरणाची भीती वाटली.

तेव्हा विनंती अशी: मंडळीचा उपदेशक या नात्याने तू पेटरला चार ओळी लिही, की म्हाताऱ्या माणसाने बसून केलेली प्रार्थना चालते. माझं तो ऐकत नाही, बायबलचं ऐकतो पण त्याचा अर्थ तुला विचारतो. सगळ्यांना सलाम सांग.

तुझी बहीण,
जस्टिना

ता. क. पेटर अजून बेसूरच गातो. पण आज त्याचा तो बेसूर आवाज नव्हता म्हणून प्रार्थनाघर कसं भकास वाटलं, ते तुला तिकडे बसून कळायचं नाही.

ता. क. दुसरा. तू मला तिकडे बोलावतोस, खोली बघून ठेवली आहेस, त्याबद्दल आभार. मी येणार नाही. वचनात दोघा-तिघांचा हिशेब दिलेला आहे, दोघं-तिघं प्रभूच्या नावाने जमतील तिथे तो हजर. मी आले तर इथे दोनच उरतील, आणि त्यातली एक १९९८ पासून दारात बसलेली आहे.

ता. क. तिसरा. आता खरं ते. हेलेनाने मला पत्र लिहिलं आहे, तिच्यावर रागावू नकोस. जुलैमध्ये तू पलंगाशेजारी दोन तास जमिनीवर होतास आणि चष्मा शोधत होतो असं सांगितलंस. चष्मा तुझ्या नाकावर होता, असं ती लिहिते. तेव्हापासून तू प्रार्थनाच सोडली आहेस. तिने खुर्ची पुढे केली तर म्हणालास, देवापुढे बसून बोलायला मी काय साहेब आहे? दादा, तुझं नाव इथे कोणी घेत नाही आणि तिकडे तूही घेत नाहीस, अशी वेळ यायला नको रे. पेटरसाठीच्या त्या चार ओळी मोठ्या अक्षरात लिही, खाली सही कर, आणि पाकिटात घालायच्या आधी एकदा स्वतःला मोठ्याने वाचून दाखव. खुर्चीत बसून.