उंदराच्या मेंदूला कोरेगावातून मागणी

सांगली,
१४ नोव्हेंबर १९९४

आदरणीय मोहिद्दीनमामू यांना फिरदोसचा सलाम.

तुमचा गुडघा आणि मुमानींचा खोकला कसा आहे ते कळवा. मी बरी आहे, पण जेवण जात नाही, आणि त्याला कारण तुम्ही असाल असा मला संशय आहे. (दुकानात कापड बेतता बेतता मला अक्षरं शिकवलीत, म्हणून रागावण्याआधी स्पष्ट विचारते.)

येत्या गुरुवारी माझी अधिव्याख्यात्याच्या जागेसाठी मुलाखत आहे. अर्जात विचारलंय, शोधनिबंध किती छापले आणि इतरांनी आपल्या निबंधांत त्यांचा उल्लेख किती वेळा केला. माझे निबंध तीन, सगळे उंदराच्या मेंदूवर. उल्लेख दोन. एक आमचे विभागप्रमुख लालासाहेब सर यांचा (मूळ निबंधावर त्यांचंही नाव आहे, म्हणजे तो अर्धाच धरायला हवा), आणि दुसरा एका जपानी गृहस्थांचा. त्यांच्या मते माझं मोजमाप चुकलंय. सर म्हणाले, "अगं, शिव्या घातल्या तरी नाव घेतलंच की. धर." शिवाय निबंधाची प्रत मागणारी इतर अभ्यासकांची कार्डं येतात, तीही जोड म्हणाले.

तोवर मला एकही कार्ड आलं नव्हतं. दिवाळीला हे मी तुमच्यासमोर बोलले आणि आठवड्यात दहा आली. त्यांतली नऊ तुमच्या कोरेगावची. मामू, कोरेगावात मेंदूचे नऊ अभ्यासक कुठून निघाले? "डॉ. धुळा, मेंदू खातं, बाजारपेठ" यांना तर मी ओळखते, ते तुमच्याकडून लेंगे शिवून घेतात. परवा तेच बायकोला इथल्या दवाखान्यात घेऊन आले होते. म्हणाले, "ताई, कारड पोचलं न्हवं? मामू म्हनत्यात, कमी पडली तर आजून लिवू. लय माणसं हाईत."

उरलेलं दहावं कार्ड कराडच्या कुणा डॉ. भाऊसोंचं. तुम्ही कापड आणायला कराडला जाता, म्हणून तेही तुमचंच असणार हे मी ओळखलं आणि त्या पत्त्यावर उलटटपाली लिहिलं, "मेंदूचा नाद सोडा, गिऱ्हाइकांचे लेंगे वेळेवर द्या." मग दहाही कार्डं अर्जातून काढली. तेव्हापासून सर माझ्याशी बोलत नाहीत.

तुमची भाची,
फिरदोस

ता. क. डॉ. भाऊसो खरे आहेत. आजच त्यांचं उत्तर आलं. आपण लेंगे शिवत नाही, असं त्यांनी नम्रपणे कळवलंय. त्यांचा निबंध छपाईला गेलाय आणि त्यात माझा उल्लेख आहे, तोही चांगला. तो ठेवू की काढू, एवढंच विचारलंय.

ता. क. २. बुधवारच्या आत कराडला जा. "ते पत्र फिरदोसनं नव्हे, तिच्या नावानं मीच लिहिलं," असं त्यांना सांगा. तुम्हाला खोटं बोलायला लावणं मला पटत नाही. म्हणून निघण्यापूर्वी ते पत्र एकदा खरंच स्वतःच्या हातानं लिहून काढा. मजकूर सोबत जोडला आहे.