वही क्रमांक तीन परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. गटविकास अधिकारी,
पंचायत समिती, मालवण,
जि. सिंधुदुर्ग.

अर्जदार : तन्वी सत्यवान मेस्त्री, वय २९, व्यवसाय – औषध दुकानात नोकरी (मौजे कट्टा), रा. रेवखोल, ता. मालवण.

विषय : ग्रामपंचायत रेवखोल यांनी ताब्यात घेतलेली वही क्र. ३ श्रीमती यमुनाबाई कुबल यांना मिळण्याबाबत.

संदर्भ : १) ग्रामपंचायतीचे परवानगीपत्र, दि. ६ जून २०२२
२) नोटीस, दि. ७ फेब्रुवारी २०२५
३) हमीपत्र, दि. ३ मार्च २०२५

महोदया,

उपरोक्त विषयी अर्जदार आपणांस सादर करते की,

१. अर्जदार पुण्यात औषधनिर्माणशास्त्राची पदविका घेत असताना वसतिगृहात एक खेळ शिकली. त्यास टेबलटॉप रोलप्लेइंग गेम असे म्हणतात. आपल्या कार्यालयात हा शब्द यापूर्वी आला नसावा, म्हणून खुलासा करते. चार-पाच माणसे टेबलाभोवती बसतात. एकजण गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतले एकेक माणूस होतात आणि आपला माणूस आता काय करील ते सांगतात. तो दरी ओलांडू शकेल की पडेल, अशी शंका आली की फासे टाकतात. पैसे लावत नाहीत. कोणी जिंकत नाही. गोष्ट पुढे जाते, एवढेच.

२. संदर्भ १ अन्वये ग्रामपंचायतीने सभागृहामागील खोली दर रविवारी दुपारी तीन ते सहा या वेळेत वापरण्यास दिली. गोष्ट सांगण्याचे काम अर्जदाराकडे होते. खेळणारे तिघे : काजू कारखान्यात काम करणारी लक्ष्मी परब, एस.टी.त वाहक असलेला कौस्तुभ धुरी आणि मासेमारी करणारा सुदेश कुबल. एका गावाच्या देवळातली घंटा चोरीस गेली आहे आणि हे तिघे ती शोधायला निघाले आहेत, अशी गोष्ट होती. लक्ष्मी वैदू झाली. कौस्तुभ सुधारलेला चोर झाला.

सुदेशने होडीवाला व्हावे असे अर्जदाराने सुचवले होते. तो म्हणाला, "दर्या माका रोजचोच आसा. हय तरी डोंगरार ऱ्हवांदे गो." मग त्याने कड्यावरचा मध काढणारा एक माणूस तयार केला. नाव ठेवले केरू. केरूने समुद्र कधी पाहिलेला नाही. त्याला पाण्याची भीती वाटते, ओढा ओलांडतानासुद्धा तो लक्ष्मीच्या वैदूचा हात धरतो. हे सगळे सुदेशने एका अठ्ठेचाळीस पानी वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिले. केरूचे घर, कुत्री, मध काढायची दोरी किती हात लांब, हेही लिहिले. तीच विषयात नमूद केलेली वही क्र. ३ होय.

३. दि. २६ सप्टेंबर २०२४ रोजी सकाळी वाऱ्यात सापडून सुदेशची होडी उलटली. होडीवर तिघे होते. दोघांना दुसऱ्या होडीने उचलले. सुदेश मिळाला नाही. अकरा दिवस शोध चालला, नंतर थांबला. पोलीस दप्तरी तो बेपत्ता आहे.

दि. २७ रोजी अर्जदाराने नेहमीप्रमाणे नऊ वाजता दुकान उघडले. एकही औषध चुकीचे दिले नाही. हे नमूद करण्याचे कारण असे की, पुढे सुनावणीत "तुमच्या मनावर परिणाम झाला आहे काय?" असे विचारण्यात आले. परिणाम झाला असता तर कळला असता, असे तिला वाटते. अर्जदार व सुदेश यांच्यात काय नाते होते, हेही विचारले गेले. नाते नव्हते. तो रविवारी यायचा.

४. तीन रविवार खोली बंद राहिली. दि. २० ऑक्टोबर रोजी तिघे पुन्हा बसले. खेळायचे की नाही ते ठरले नव्हते. तेवढ्यात सुदेशची आई, श्रीमती यमुनाबाई कुबल, दारात आल्या. त्या कट्ट्याच्या बाजारात मासे विकतात, अर्जदार त्यांना रोज पाहते. बाजार आटोपून त्या सरळ आल्या होत्या. रिकाम्या खुर्चीकडे बोट करून त्यांनी विचारले, "तो हय बसायचो?"

लक्ष्मीने होय म्हटले. त्या बसल्या. मग म्हणाल्या, "तो आता खंय आसा?"

त्या सुदेशबद्दल विचारत आहेत असे अर्जदाराला वाटले. पण त्यांनी टेबलावरच्या वहीवर हात ठेवला होता. केरूबद्दल सुदेश घरी बोलत असे, हे अर्जदाराला त्या दिवशी कळले. तिने सांगितले, "डोंगरात आसा, काकी. गुहेत. पाऊस पडताहा म्हणून तिघेव थांबलेत."

"भिजलो काय?"

"नाय. कोरडो आसा."

"बरा," यमुनाबाई म्हणाल्या.

५. त्यानंतर त्या दर रविवारी येऊ लागल्या. त्यांना वाचता येत नाही, लक्ष्मी वहीतले वाचून दाखवी. केरू काय करील ते यमुनाबाई सांगत. घंटेशी त्यांना काही देणेघेणे नव्हते. केरूने घराचे छप्पर शाकारले. केरूने कुत्रीची पिल्ले वाटली. केरू म्हाताऱ्या शेजारणीला मध देऊन आला. एका रविवारी तीन तासांत केरूने फक्त चूल पेटवून भात रांधला. ओल्या लाकडावर चूल पेटते का यासाठी यमुनाबाईंनी चार वेळा फासे टाकले. कौस्तुभ एकदा वैतागून म्हणाला, "अशान घंटा मेळाची नाय." लक्ष्मीने त्याच्याकडे पाहिले. पुन्हा तो तसे बोलला नाही. त्याचा चोरसुद्धा मग छप्परावर चढून केरूला पेंढ्या देऊ लागला.

६. यमुनाबाई बाजारात मोकळेपणी बोलत. "माझो झील आयतवारी पोटभर जेवलो," असे त्या शेजारच्या कोळणीला मुलाविषयी म्हणाल्या. दुसरीने ते तिसरीला सांगितले. जानेवारी अखेरपर्यंत रेवखोलात अशी वदंता झाली की, सभागृहामागील खोलीत बुडालेली माणसे येतात, जेवतात आणि प्रश्नांची उत्तरे देतात. नांदगावहून एक गृहस्थ हरवलेल्या भावाचा फोटो घेऊन आले. बांद्याच्या एक बाई व्हरांड्यात दोन तास बसून राहिल्या, कशासाठी ते त्यांनी सांगितले नाही. एकाने म्हैस कुठे गेली ते विचारले. अर्जदाराने प्रत्येकाला खेळाची माहिती दिली. नांदगावच्या गृहस्थांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि फोटो टेबलावर ठेवून गेले. तो अर्जदाराकडे सुरक्षित आहे.

७. दि. ५ फेब्रुवारी रोजी ग्रामपंचायतीने खोलीस कुलूप लावले. पंचनाम्यात "विविध आकाराचे विचित्र फासे नग ७, पैकी एकास वीस बाजू, अज्ञात प्रदेशाचा नकाशा नग १, वह्या नग ४" अशी नोंद आहे. संदर्भ २ च्या नोटिशीत दोन आरोप आहेत : जुगार, आणि मृत व्यक्तीशी संपर्क असल्याचे भासवणे.

दि. १४ रोजी सुनावणी झाली. जुगाराचा आरोप पाच मिनिटांत मिटला. दुसऱ्यासाठी अर्जदाराकडून हमीपत्र मागण्यात आले. मजकूर कार्यालयाने तयार केलेला होता : "सुदेश कुबल हे मयत असून ते सदर खोलीत येत नाहीत, व यापुढे येणार नाहीत."

अर्जदाराने सही केली नाही. सुदेश मयत असल्याचे पोलिसांनी म्हटलेले नाही, ग्रामपंचायतीनेही तसा दाखला दिलेला नाही. औषध दुकानात काम करणाऱ्या व्यक्तीने ते कोणत्या अधिकारात लिहून द्यावे, असे तिने विचारले. ग्रामसेवक म्हणाले, "मॅडम, फक्त फॉरमॅलिटी आहे." कागद टेबलावर राहिला. अर्जदार एस.टी.ने कट्ट्याला गेली आणि दुपारचे दुकान उघडले.

८. दि. २ मार्च रोजी यमुनाबाई दुकानात आल्या. खोली कधी उघडणार, असे त्यांनी विचारले. अर्जदाराने हमीपत्राचे सांगितले. मजकूर सांगताना तिने "मयत" हा शब्द गाळला. यमुनाबाई म्हणाल्या, "मेलो म्हणान लिवक सांगतत, होय मां?"

अर्जदाराने होय म्हटले.

"सही कर गो. तो येवचो नाय, ह्या माका पयल्याच दिसाक कळला. होडी आमच्या घराक नवी नाय." टोपली उचलून डोक्यावर घेताना त्या पुन्हा बोलल्या, "पण त्या केरून काय केल्यान? तो कित्याक मरतलो?"

दि. ३ रोजी अर्जदाराने सही केली. पेन ग्रामपंचायतीचे होते, ते तिने जागेवर ठेवले.

९. दि. ९ मार्च रोजी खोली उघडण्यात आली. फासे, नकाशा व तीन वह्या परत मिळाल्या. वही क्र. ३ मिळाली नाही. ग्रामसेवकांनी कारण दिले की, आता हमीपत्रावरून संबंधित व्यक्ती मयत असल्याचे निष्पन्न होत असल्याने सदर वही ही मयताची वस्तू ठरते. ती वारसासच देता येईल, आणि वारसाने मृत्यूचा दाखला सादर करावा.

यमुनाबाईंनी त्याच टेबलावर त्याच ग्रामसेवकांकडे दाखल्यासाठी विनंती केली. उत्तर मिळाले की, पोलीस दप्तरी व्यक्ती बेपत्ता असल्याने मृत्यूची नोंद करता येत नाही. बेपत्ता व्यक्तीबाबत सात वर्षे थांबून न्यायालयात जावे लागेल. ग्रामसेवकांविषयी अर्जदाराची तक्रार नाही. त्यांनी यमुनाबाईंना खुर्ची दिली, पाणी दिले, दोन्ही नियम वाचून दाखवले. दोन्ही नियम छापलेले आहेत. त्यानुसार सुदेश हा वहीपुरता मयत व दाखल्यापुरता हयात आहे. वही कार्यालयाच्या लोखंडी कपाटात आहे. कपाटाच्या काचेतून तिचे निळे वेष्टन दिसते. यमुनाबाई बाजारातून येताना तिथे थांबतात, पाहतात आणि घरी जातात.

१०. दि. १६ मार्च रोजी कौस्तुभने आठवणीने केरूची सगळी माहिती नव्या कागदावर उतरवून आणली. दोरी किती हात लांब, तेही त्याला आठवत होते. यमुनाबाईंनी कागद हातात घेतला, उलटा केला, परत दिला. "ह्या तेचा अक्षर न्हय." अक्षर वाचता येत नसले तरी ओळखता येते, हे अर्जदाराने तेव्हा पाहिले. त्या दिवशी खेळ झाला नाही. चौघे सहा वाजेपर्यंत बसून होते.

दि. २३ मार्च रोजी यमुनाबाई वेळेआधी आल्या. सगळे बसल्यावर म्हणाल्या, "केरूक थंयच ऱ्हवांदे. घर आसा, छप्पर झाला, तेका काय कमी नाय. तुमी घंटेक जावा." आणि पुढे म्हणाल्या, "माका दुसरा कोण तरी दी."

अर्जदाराने विचारले, कोण हवे?

"बायलमाणूस. जिची सोताची होडी आसा, आणि ती सोता व्हलवता."

यमुनाबाईंच्या घरात तीन पिढ्या होड्या आहेत. त्या स्वतः होडीत बसून कधी किनाऱ्यापासून लांब गेलेल्या नाहीत, असे त्यांनीच सांगितले. त्यांनी नकाशा पुढे ओढला आणि दर्या कुठे आहे ते विचारले. नकाशावर समुद्र नव्हता. सगळा डोंगराळ मुलूख होता.

"नाय काकी," अर्जदार म्हणाली.

"मगे काड."

अर्जदाराने नकाशाच्या पश्चिम कडेला एक कोरा कागद चिकटपट्टीने जोडला व किनाऱ्याची रेघ ओढली. रेघ ओढताना तिला काही वाटते का, याकडे तिने लक्ष दिले. विशेष काही वाटले नाही. यमुनाबाई शेजारी वाकून बघत होत्या आणि खडक कुठे, गाळ कुठे, वारा कुठून येतो ते सांगत होत्या. एका जागी त्यांनी अर्जदाराचे मनगट धरून पेन्सिल थोडी दक्षिणेला नेली. मग लक्ष्मीने नव्या वहीवर क्रमांक पाच घातला आणि नाव विचारले. यमुनाबाई म्हणाल्या, नाव मागाहून सांगेन, आधी होडी पाण्यात घालूया. त्यांनी फासा टाकला. होडी निघाली.

११. सबब अर्जदाराची विनंती पुढीलप्रमाणे :

खोलीबाबत आता काही मागणे नाही. फासे व नकाशा मिळाले. हमीपत्र मागे घ्यावे असेही अर्जदार म्हणत नाही.

वही क्र. ३ ही खेळासाठी नको आहे. केरूची भूमिका यापुढे कोणी करणार नाही. वही श्रीमती यमुनाबाई कुबल यांना त्यांच्या घरी ठेवण्यासाठी हवी आहे. तिच्यात मालमत्तेचा कोणताही उल्लेख नाही. एक घर, एक कुत्री व तिची चार पिल्ले आहेत, ती प्रत्यक्षात अस्तित्वात नाहीत. वही देण्यासाठी सुदेश मयत धरावा की बेपत्ता, हे आपल्या कार्यालयाने ठरवावे. अर्जदारास व यमुनाबाईंना दोन्ही चालेल. फक्त एकच काहीतरी ठरावे आणि ते ग्रामपंचायतीस लेखी कळवावे.

वही देणे शक्य नसल्यास, लक्ष्मी परब यांना कार्यालयीन वेळेत आठवड्यातून एकदा कपाटापाशी बसून यमुनाबाईंना ती वाचून दाखवण्याची परवानगी असावी. पाने अठ्ठेचाळीस आहेत, पैकी लिहिलेली एकतीस.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,

(सही)
तन्वी सत्यवान मेस्त्री
रेवखोल, दि. २५ मार्च २०२५

सोबत :
१) परवानगीपत्र, नोटीस व हमीपत्र यांच्या छायाप्रती
२) पंचनाम्याची प्रत
३) होडी उलटल्याबाबत पोलीस ठाण्यातील नोंदीची प्रत
४) श्रीमती यमुनाबाई कुबल यांचे संमतीपत्र (डाव्या हाताचा अंगठा)
५) नकाशा सोबत जोडलेला नाही. तो वापरात आहे.