टपालाने आलेला बीम

४ मार्च

तीर्थस्वरूप मोठ्या काकांना शि. सा. न. वि. वि.

माझ्या गाडीच्या इंजिनाचा जोर वाढवायला बाबांनी टर्बो बसवला आणि तेव्हापासून घरात कुणाला स्वस्थ बसायची सोय नाही. त्याचा धुराचा जाडजूड पाइप खाली उतरतो तो नेमका गिअरबॉक्सला तोलून धरणाऱ्या आडव्या बीमवर आपटतो. पाइपाला वाट देणारा वेगळा बीम करायला हवा. डोंगरचढणीच्या शर्यतीत नाव दिलंय, ती महिनाअखेरीला आहे.

इथल्या वेल्डरांना बाबा गाडीजवळ फिरकू देत नाहीत, आणि का ते सांगत नाहीत. तुम्हाला बोलावू म्हटलं की पाना उचलून दुसऱ्या खोलीत जातात. गिऱ्हाइकासमोर ते तुमच्या वेल्डिंगच्या टाक्याला वाकडा म्हणाले आणि तुम्ही दोघांनी अबोला धरला, हे मला तोंडपाठ आहे. पण त्यात माझ्या गाडीने काय घोडं मारलंय? पुठ्ठा कापून माप पाठवते आहे. बाबा शेजारीच उभे होते, पण चकार शब्द बोलले नाहीत.

काकूंना नमस्कार. लोभ असावा, तो जमत नसेल तर निदान बीम असावा.

तुमची,
ठिणगी

११ मार्च

चि. ठिणगीस अनेक आशीर्वाद.

बीम पाठवला आहे. पुठ्ठ्यावर तेलाचे इतके डाग होते की माप कुठलं आणि डाग कुठला हे काकूला विचारावं लागलं. पाइपासाठी बाक दिलाय, दोन्ही बाजूंनी वेल्डिंग केलंय. टाका तुझ्या बापाला दाखव. पट्टी लावून बघ म्हणावं, हवं तर गिऱ्हाईकही बोलावून आण म्हणावं.

एवढं करण्यापेक्षा स्वतः का जात नाही, असं काकूने विचारलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं. गाडी सांभाळून चालव.

तुझा,
मोठा काका

१६ मार्च

ती. स्व. काकांना सा. न. वि. वि.

काका, आता रडू की हसू? बीम बसला, बोल्ट लागले, मी आनंदाने चहा टाकला. मग इंजिन खाली सोडलं आणि पाइप पुन्हा बीमवर येऊन टेकला! बाबांनी तुमच्या टाक्यावरून अंगठा फिरवला आणि हात धुवायला निघून गेले. मी विचारलं काय करायचं, तर म्हणाले, करणाऱ्याला विचार. तुम्ही दोघं मिळून मला वेड लावणार आहात. शर्यत तोंडावर आलीय, मी वर्षभर याच गाडीसाठी राबलेय. काहीतरी करा ना हो.

रागावले असले तरी तुमचीच,
ठिणगी

१९ मार्च

चि. ठिणगीस आशीर्वाद.

इंजिन साखळीला टांगलेलं असताना माप घेतलंस ना? अगं, गाडीतल्या रबरी बैठकीवर टेकलं की ते बोटभर खाली बसतं! तुला नसेल कळलं, पण तुझा बाप जन्मभर इंजिनंच उतरवतोय. तो शेजारी उभा राहून गप्प बसला? डोळ्यांवर झापडं लावली होती का त्याने?

टपालाने बीम होत नसतो. गाडीखाली एकाने तो धरायचा आणि दुसऱ्याने टाके मारायचे, तेव्हा कुठे जमतं. आणि मी यायचा नाही. ज्याने वाकडा म्हटलं त्याने बोलवावं. काकूने माझी वेल्डिंगची काच पुसून पिशवीत भरली आहे, ती मी परत काढून ठेवली. तुझ्या शर्यतीचं मला वाईट वाटतं, खरंच वाटतं. पण बापाचा हट्ट तुझ्या नशिबी आला त्याला मी काय करू?

तुझा,
मोठा काका

२२ मार्च

दादास,

पोरीने तुझं पत्र माझ्या जेवणाच्या ताटाशेजारी ठेवलं आणि वाचून होईपर्यंत वाढलं नाही.

झापडं नव्हती. इंजिन टांगलेलं मला दिसत होतं. माप बरोबर गेलं असतं तर नुसता बीम आला असता, तू आला नसतास. आता पोर माझ्याशी बोलत नाही, तेव्हा हे तुला लिहावं लागतंय.

तो टाका वाकडाच होता. आजही तेच म्हणेन. पण ही गाडी भरधाव डोंगर चढणार आहे आणि आत माझी मुलगी बसणार आहे. दुसऱ्या कुणाच्या सरळ टाक्यावर मी तिला बसू देणार नाही.

शनिवारी ये. पिशवी वहिनीने पुन्हा भरली असेलच. बोलायचं नसेल तर बोलू नकोस. बीम मी धरतो.

तुझा,
धाकटा