थोरल्या भावाचा वंश

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी वयाने तुमच्यापेक्षा मोठी आहे. गेल्या महिन्यात भावकीतला एक मुलगा घरी आला होता. मुंबईत चांगल्या नोकरीला आहे. घराण्याचा कुलवृत्तांत नव्याने छापायचा म्हणतो. मला म्हणाला, "आत्ये, आबांनी काय काम करून ठेवलंय! एक चूक नाही." मी त्याच्यासाठी चहा ठेवायला आत गेले आणि आधण उकळून आटलं तरी तिथेच उभी राहिले. तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं मनात आहे.

आचऱ्याच्या घरातली ती दुपार आठवते. मॅट्रिक होऊन मी घरी बसले होते. तुमच्या शाळेला मे महिन्याची सुट्टी होती. देवळातल्या बैठकीत भावकीने ठरवलं होतं की घराण्याचा वृत्तांत छापायचा, आणि काम मास्तरांनी करायचं. मास्तर म्हणजे तुम्ही. माजघरात जमीन सारवून वाळली की तुम्ही कागदाला कागद चिकटवून केलेला तो भलामोठा तक्ता पसरता, चारी कोपऱ्यांवर नारळ ठेवता आणि मला हाक मारता, "ये गो चेडवा, बस हयसर. तुझां अक्षर माझ्यापेक्षा बरां आसा." मोडी तुम्हीच मला शिकवली होती. देवळातले जुने कागद तुम्ही वाचायचात आणि मी उतरवून घ्यायची. पोलीस पाटलाकडची जन्म-मृत्यूची नोंदवही आपण दोघांनी त्याच्या ओटीवर बसून पालथी घातली. कुणाचा आजा तापाने गेला, कुणाची पोर बाळंतपणात गेली, एका घरात एकाच पावसाळ्यात तीन मुलगे कसे गेले, हे वाचताना तुम्ही प्रत्येक नावावर बोट ठेवायचात. चष्मा काढून तुम्ही म्हणायचात, "ही सगळी आपलीच माणसां. कोणी विचारूक नाय इतकी वर्षां. आपण विचारूया." मला तुमचा तेव्हा केवढा अभिमान वाटायचा.

देवळातल्या एका कागदात लिहिलं होतं की मूळचे दोघे भाऊ गोव्यातले. फिरंग्यांच्या काळात धाकटा देव घेऊन निघाला आणि फिरत फिरत आचऱ्याला आला. थोरला तिकडेच राहिला. पुढे काही नाही. आपण सगळे धाकट्याचे. गोव्याची हद्द तेव्हा बंद होती, त्यामुळे मूळ गावी जाऊन चौकशी करायची सोय नव्हती. मग तुम्हाला कुणीतरी सांगितलं की शिरोड्याच्या पलीकडे, पण हद्दीच्या अलीकडेच, एक ख्रिस्ती घर आहे, ती माणसं आपलं जुनं आडनाव अजून सांगतात आणि ते आपल्याच घराण्याचं आहे. तुम्ही मला घेऊन निघालात. वेंगुर्ल्याला गाडी बदलली. तुम्ही धोतर नेसला होता, वर काळी टोपी, आणि वाटभर एकच वाक्य म्हणत होता, "खरां असला तर लिवूक व्हया."

तिथल्या चर्चमधले पाद्री वयस्कर आणि मोठे हौशी होते. त्यांनी बाप्तिस्म्याच्या आणि लग्नांच्या जाड वह्या काढल्या, पोर्तुगीजमधलं एक एक वाक्य वाचून कोकणीत अर्थ सांगू लागले. नातवावरून आजा, आजावरून पणजा, असं मागे मागे जाताना एका लग्नाच्या नोंदीत वराच्या घराण्याचं मूळ गाव आलं. देवळातल्या कागदात होतं तेच. कंसात जुनं आडनावही होतं. तुम्ही माझा हात इतका घट्ट दाबलात की बांगडी रुतली.

मग आपण त्या घरी गेलो. घरचा म्हातारा खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, जाळं विणत बसला होता. तुम्ही कोण ते सांगितल्यावर तो उठलाच नाही, तुमच्याकडे नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "आमचो आजो सांगायचो, आमचे भाव देव घेवन वरती गेले. आमका वाटायचां, म्हाताऱ्याची आपली गोष्ट." त्याच्या सुनेने शहाळी फोडून दिली. तुम्ही त्या घरचं पाणी घ्याल की नाही याची मला धाकधूक होती, पण तुम्ही शहाळं तोंडाला लावलंत आणि दुसरं मागून घेतलंत. म्हाताऱ्याने विचारलं, "आमची नावां लिवतल्यात मां बुकात?" तुम्ही म्हणालात, "थोरली शाखा तुमची. तुमची नावां पयली येतली." परत येताना गाडीत मी तुमच्या खांद्यावर डोकं टेकून झोपले.

त्यानंतर पक्की प्रत मी केली. थोरल्या भावाच्या नावाखाली त्या घरातलं एक एक नाव मी माझ्या हाताने लिहिलं, जुनी नावंही आणि नवीही. ती प्रत घेऊन तुम्ही सावंतवाडीच्या छापखान्यात गेलात. मला बरोबर नेलं नाहीत. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पुस्तकं आली त्या दिवशी देवळात पूजा झाली आणि भावकीतले मोठे सगळे आपल्या पडवीत येऊन बसले. मी दारात पुस्तकांचे गठ्ठे सोडत होते. पुस्तक उघडून बघावंसंही मला वाटलं नव्हतं, कारण ते मला पाठ होतं. तेवढ्यात तो म्हातारा खळ्यात आला. अंगात चर्चला जायचा काळा कोट, हातात वेलची केळ्यांचा घड. इतक्या लांबून, गाड्या बदलत. पायरीशी थांबून तो हसला आणि म्हणाला, "मास्तरानू, बुक घेवक इलंय."

पडवीतल्या सगळ्यांनी माना वळवल्या. तुम्ही त्याच्याकडे बघितलंत. आणि मग शाळा तपासायला आलेल्या साहेबाशी बोलता तसल्या मराठीत म्हणालात, "आपण कोण? कोणाकडे आला आहात?"

आबा, मी तो आवाज अजून ऐकते.

म्हातारा गोंधळला. "माका वळाखलास नाय? तुमीच सांगलास मां, नाव घातलां म्हणान?" तुम्ही मान हलवलीत. "आपला काहीतरी गैरसमज झाला आहे," म्हणालात, आणि शेजारी बसलेल्या देवळाच्या मानकऱ्यांकडे वळून पालखीबद्दल बोलू लागलात. म्हाताऱ्याने केळ्यांचा घड पायरीवर ठेवला आणि तो वळला. मला वाटलं, चारचौघांत तुमची जीभ लुळी पडली असेल, पण पुस्तकात तर नावं आहेत ना, मग त्याने रिकाम्या हाताने का जावं? मी एक पुस्तक उचललं आणि मागच्या दाराने, माडांमधून धावत जाऊन त्याला रस्त्यावर गाठलं. पुस्तक त्याच्या हातात दिलं. म्हटलं, "आजोबानू, सगळी नावां आसत. पयल्याच पानार. मी लिवलंय." त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

घरी येऊन मी दुसरी प्रत उघडली. पहिल्याच पानावर थोरल्या भावाचं नाव होतं आणि त्यापुढे एकच शब्द. निर्वंश.

लोक गेल्यावर मी ते पान तुमच्यापुढे धरलं. तुम्ही पायरीवरची केळी तोडून गाईला घालत होता. तुम्ही म्हणालात, "भावकीन ऐकूक नाय." मी म्हटलं, "मग तशी जागा मोकळी सोडायची होती. जिती माणसां मेली म्हणान कित्या लिवलात?" तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "कसाल गावातसून तुझ्यासाठी स्थळ इलाहा. लोक चौकशी करतत. तुझ्यासाठीच केलंय मी ह्यां." स्थळाबद्दल मला तेव्हाच कळलं. तुम्ही तो शब्द छापलात आणि त्याचं कारण माझ्या ओटीत घातलंत.

लग्न त्याच घरात झालं. माणसं चांगली होती. पुष्कळ वर्षांनी मी नवऱ्याला हे सगळं सांगितलं, तर तो हसायलाच लागला. त्याच्या वडिलांनी चौकशी केली होती ती एवढीच, की मुलगी शिकलेली आहे तर शेतावर राबेल का. आपलं पुस्तक त्यांच्याकडे आहेरात आलं होतं. पानं कापायचीही कोणी तसदी घेतली नव्हती, पहिली चार पानं एकमेकांना चिकटलेलीच होती. तो हसत होता आणि मला कुणीतरी दुसऱ्यांदा फसवल्यासारखं वाटत होतं.

तुम्ही गेल्यावर मी त्या घरी एकटीच गेले. म्हातारा नव्हता. सुनेने मला लगेच ओळखलं. तिने सांगितलं की पुस्तक यायच्या आधी तुम्ही एकदा त्यांच्याकडे जाऊन आला होता. जेवला होता. नावं छापून झाली, देवळात पूजेच्या दिवशी पुस्तक वाटणार, असं तुम्हीच त्यांना सांगितलं होतं. नावं काढली हे सांगायला गेला असाल आणि त्या माणसांसमोर जमलं नसेल, एवढं मी समजू शकते. पण मग त्या दिवशी पडवीत?

मी तिला विचारलं, पुस्तकाचं काय झालं. ती जिल्हा बोर्डाच्या शाळेत शिकलेली, मराठी वाचता येणारी. म्हणाली, "मी वाचून दाखयलां त्यांका. त्यांनी माका इचारल्यानी, निर्वंश म्हणजे काय गो?"

"मग?"

"मी सांगलंय, लय जुनो वंश."

म्हातारा खूश झाला म्हणे. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते पान दाखवायचा. शेवटी ते पुस्तक त्याच्या शवपेटीत ठेवलं. आबा, तुमच्या खोट्यावर त्या बाईने आपलं खोटं पांघरलं, आणि मी तिच्यापुढे मान खाली घालून बसले, तुमची मुलगी म्हणून.

त्या मुंबईच्या मुलाला मी आता सगळं सांगणार आहे. तो नावं घालतो की नाही, ते बघू. तुम्हाला हे लिहून काही उपयोग नाही, आणि लिहिलेलं मी कुणाला दाखवणारही नाही. पण एक गोष्ट मी आजवर स्वतःशीसुद्धा कबूल केली नव्हती. छापखान्यात जायच्या आधी तुम्ही मला समोर बसवून स्थळाबद्दल सांगितलं असतंत, आणि विचारलं असतंत, "चेडवा, काय करूया?" तर त्या वयात मी कदाचित म्हटलं असतं, काढून टाका ती नावं. मला खात्री नाही. तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून मला ते कधीच कळणार नाही.