मुलांचे घर, अनुस्वारासह

मी, पद्मजा विनायक टिपणीस, वय ७४, निवृत्त इतिहास शिक्षिका, राहणार पेण, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. दबावाचे माझ्यापुढे फारसे चालत नाही, हे रोह्यात कुणालाही विचारावे.

१. आम्ही दोनच भावंडे. वडिलांनी लिहून ठेवले होते, 'रोह्याचे घर माझ्या मुलांचे', म्हणजे दोघांचे. धाकट्या रघुनाथने ते 'मुलाचे' असे वाचले आणि घर एकट्याने घेतले. "अगं ताई, टिंब कसलं, माशी बसली असेल," म्हणाला. मी कोर्टात गेले नाही, पण नातेवाइकांत 'टिंबासाठी भांडणारी' झाले. बत्तीस वर्षे त्या घरी पाऊल टाकलेले नाही.

२. पुढे वर्गासाठी वाचताना निकिया हे शहर सापडले. ख्रिस्त देवाशी 'एकाच तत्त्वाचा' की 'सारख्या तत्त्वाचा', यावर जुन्या ख्रिस्ती मंडळींनी कित्येक वर्षे वाद घातला. ग्रीकमध्ये त्या दोन शब्दांत एका अक्षराचा फरक. त्या तळ्याकाठच्या गावात इ.स. ३२५ मध्ये त्यासाठी परिषद भरली, शेकडो बिशप जमले होते, काहींचे डोळे छळात गेलेले. मला ती माणसे फार आवडली. निवृत्तीनंतर निकिया, आणि पुढच्या अशाच परिषदा जिथे भरल्या ती इफिस, खाल्केडोन, तिन्ही पाहून आले. खाल्केडोनला आता बोटीने जातात, धक्क्याजवळ मासळीबाजार आहे. तिथे उभी राहून मी सुखाने रडले.

या परिषदांवरच्या माझ्या अकरा वह्या गावातल्या वाचनालयाला द्याव्यात. शुद्धलेखन कुणी तपासू नये, मी तपासले आहे.

३. पेणचा फ्लॅट रघुनाथच्या मुलांचा, म्हणजे यज्ञेश आणि मैथिली यांचा, निम्मा निम्मा. इथला अनुस्वार मी मुद्दाम ठळक दिला आहे. शेजारच्या इंदुबाई हमरापूरला गणपतीचे डोळे रंगवतात. त्या म्हणाल्या, "बाई, ठिपका पायजेच. बुबुळ नाय दिलं तर देव बगल कसा?"

४. रोह्याचे घर मला नको. ते टिंब होते, एवढे रघुनाथने म्हणावे. बिशप महिनोन्महिने प्रवास करून आले, रोह्याहून पेण एसटीने दीड तास. साक्षीला त्यालाच बोलावले आहे. येईल की नाही, ठाऊक नाही. मला त्याची आठवण येते.

पेण, दि. १६ नोव्हेंबर २०२५
सही: पद्मजा विनायक टिपणीस

साक्षीदार:
१. इंदुबाई हरिश्चंद्र पाटील, पेण. बाईंनी माझ्यासमोर सही केली.
२. रघुनाथ विनायक टिपणीस, रोहा. ताईने माझ्यासमोर सही केली. अनुस्वार पाहिला. बाबांच्या कागदावरही होता.