तुझी तहान खरी होती

आई, तुझ्या दहाव्याला मामा सगळ्यांसमोर म्हणाला होता, "ताईनं कुणाचं ऐकलं नाही. जिभेवर ताबा नव्हता. पाण्यानं गेली." जमलेल्या बायकांनी माना हलवल्या, कुणीतरी "हो ना, फार पाणी प्यायची" असंही म्हणालं. मी चहाचे कप विसळत होते. मलाही तेच खरं वाटत होतं. किडन्या गेल्यावर डॉक्टरांनी पाणी कमी सांगितलं होतं, तू जास्त प्यायलीस, छातीत पाणी भरलं, तू गेलीस. हिशोब सरळ दिसत होता. इतक्या वर्षांनी तो हिशोब चुकीचा होता हे मला कळलंय, आणि कळल्यापासून तळपायाची आग मस्तकात जातेय. म्हणून हे लिहितेय.

मी आता डायलिसिस टेक्निशियनचा कोर्स करतेय. हो, या वयात. मुलं आपापल्या वाटेला लागली, हेंद्रेपाड्याच्या घरात दिवसभर करायचं काय, असं वाटून मी नाव घातलं. घरी हसले सगळे. तुझ्या जावयांनी विचारलं, "तुला रक्त बघून चक्कर येत नाही का?" मी म्हटलं, आईचं बघितलंय की. क्लास उल्हासनगरला आहे, बाजारातल्या कापडाच्या दुकानांच्या वर, आणि वर्गात माझ्या मुलीच्या वयाची पोरं. परीक्षेला पहिलाच धडा पेशीच्या पडद्याचा, त्याच्या पाठोपाठ थोडं फिजिक्स. दाब म्हणजे काय, द्रव कुठून कुठे वाहतो, एवढंच. सर शिकवत होते, की पेशीभोवती चरबीचा दुहेरी पातळ पडदा असतो. पाणी त्यातून जा-ये करतं, मीठ तसं सहज जात नाही. म्हणून बाहेर मीठ वाढलं की पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. पेशी सुकते. मेंदूला ते कळतं आणि माणसाला तहान लागते. "आणि ही तहान मनाच्या जोरावर थांबत नाही," सर म्हणाले, आणि फळ्याकडे वळले.

माझा पेन तिथेच थांबला. मला अंबरनाथचं आपलं स्वयंपाकघर दिसायला लागलं. कारल्याच्या चकत्यांना मीठ चोळून तू ताट तिरकं करून ठेवायचीस, थोड्या वेळात कडेला पाणी साचलेलं असायचं. तेच, आई. अगदी तेच तुझ्या अंगात चाललं होतं.

तुला आठवतं, डॉक्टर काय म्हणाले होते? "वरून मीठ घेऊ नका आणि पाणी कमी प्या." बस. पुढचा पेशंट. तू ते अक्षरशः पाळलंस. ताटात मीठ वाढून घेणं त्या दिवसापासून बंद. आमटी अळणी, भात अळणी, मग तोंडाला चव नाही म्हणून लिंबाच्या लोणच्याची फोड, कधी भाजलेला सुका बोंबील, कधी जवळ्याची चटणी. मी एकदा टोकलं तर तू केवढी चिडलीस. "मी मेलीनं वरून मीठ घेतलंय का कधी? दाखव!" घेतलं नव्हतंसच. लोणच्यात असतं ते मीठ, बोंबलाला लागलेलं असतं ते मीठ, हे तुला कुणी बसून सांगितलं नाही. आणि मग तू रात्रंदिवस तहानेनं तळमळायचीस, ओला रुमाल ओठांवर फिरवायचीस, फ्रिजमधला बर्फ तोंडात धरायचीस, आणि आम्ही सगळे तुझ्याकडे लहान मुलाकडे बघावं तसं बघायचो.

तुझ्या डायलिसिस सेंटरमधला, अंगात साठलेलं पाणी मोजायचा तो वजनकाटा मी विसरलेले नाही. तू चपला काढून हळूच त्यावर चढायचीस, श्वास रोखून, जणू त्यानं वजन कमी भरेल. तो टेक्निशियन पूर्ण हॉलला ऐकू जाईल असं ओरडायचा, "आजी, परत चार किलो जास्त? घरी टाकी बसवलीय काय?" खाटांवरची माणसं हसायची. तूही हसायचीस, आई. पदर तोंडाला लावून. त्या हसण्याचा मला आज सगळ्यात जास्त राग येतो. तू का हसलीस? "अहो, मला एवढी तहान का लागते ते सांगा," असं एकदा तरी का नाही विचारलंस? मी विचारायला निघाले तर माझा हात दाबलास. "गप. त्यांच्या हातात आपला जीव आहे, त्यांना उलट विचारायचं नसतं." आपल्या घरात तीच रीत होती. डॉक्टर, मास्तर, साहेब, यांना विचारायचं नाही.

आणि मग ते पायाचे गोळे. डायलिसिसच्या शेवटच्या तासाला तू मांडी धरून कळवळायचीस, डोळे पांढरे व्हायचे. तो टेक्निशियन म्हणायचा, "पाणी जास्त पिता, मग असंच होणार." आता मला फिजिक्सचा धडा सांगतो की मशीन आपल्या गाळणीतल्या पडद्याच्या दोन बाजूंना दाबाचा फरक तयार करतं आणि त्या जोरावर रक्तातलं पाणी ओढून घेतं. फार वेगानं ओढलं तर अंगातलं पाणी तेवढ्या वेगानं रक्तात भरून येत नाही. रक्तदाब पडतो, पायात गोळे येतात. वेळ वाढवून वेग कमी ठेवता आला असता. पण पुढच्या पाळीचे पेशंट ताटकळत बसलेले असायचे. म्हणजे वेग त्यांनी ठरवायचा आणि गुन्हा तुझा.

आणखी चीड कशाची येते सांगू? पडद्यातून पाणी जाण्याची, परासरणाची ही व्याख्या मला येत होती. बारावीला होती. 'अर्धपार्य पटलातून पाण्याच्या रेणूंचे...' मी घडाघडा म्हणायचे, पूर्ण मार्क मिळाले होते, तू शेजारी पेढे वाटले होतेस. आणि तू माझ्यासमोर तहानेनं मरत होतीस तेव्हा त्या व्याख्येचा तुझ्याशी काही संबंध असेल असं माझ्या डोक्यातही आलं नाही. मला कसं शिकवलं होतं हे! कारल्याचं ताट घरात होतं, लोणच्याची बरणी घरात होती, आणि शाळेनं मला फक्त वाक्य दिलं.

गेल्या महिन्यापासून आम्हाला एका सेंटरला प्रॅक्टिकलसाठी पाठवतात. तिथे एक सिंधी अम्मा येते, तुझ्यासारखीच बारीक, हातात सोन्याचं एकच कडं. काट्यावर चढली आणि आमचा सीनियर ओरडला, "अम्मा, फिर से? नल के नीचे सोती हो क्या?" अम्मा हसली. तेच हसू, आई.  मी तिच्या खाटेजवळ जाऊन विचारलं, "अम्मा, पापड़ खाती हो?"

"हां बेटा, पापड़ तो चाहिए ना. कोई घर आए तो पापड़-पानी देते हैं, साथ में मैं भी खा लेती हूं."

"और नमक?"

"नमक तो डॉक्टर ने मना किया, ऊपर से बिल्कुल नहीं लेती," ती अभिमानानं म्हणाली.

मी तिथेच स्टूल ओढून बसले. पापडातलं मीठ, लोणच्यातलं मीठ, ते पाणी कसं मागतं, सगळं तिला माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं. सीनियर मागे येऊन उभा होता. "मॅडम, पेशंटला लेक्चर द्यायला ठेवलं नाहीये. आधी स्वतःची एक्झाम क्लिअर करा."

माझा आवाज चढला. "एक्झाम मी देईन. पण तुम्ही यांना हॉलमध्ये ओरडून हसू नका. तहान लागणं गुन्हा नाही."

 सीनियरनं माझी तक्रार केली, सरांनी मला बोलावून समज दिली, आणि मी माफी मागितली नाही. अम्मा पुढच्या वेळी आली तेव्हाही वजन जास्तच होतं, पण आधीपेक्षा कमी. "पापड़ छोड़ दिया," ती माझ्या कानाशी म्हणाली, "अचार अभी नहीं छूटता." मला हसू आलं आणि रडूही.

त्या आठवड्यातल्या रविवारी मी मामाकडे गेले, शिवमंदिराजवळच्या घरी. आता तो काठी घेऊन चालतो. मी त्याला सगळं सांगितलं, मीठ, पडदा, तहान. त्यानं काठी मांडीवर आडवी घेतली. "आता हे सांगून काय उपयोग?"

"उपयोग नाही. पण आई जिभेच्या हट्टानं गेली, हे तुम्ही परत म्हणायचं नाही."

"आम्हाला तरी कुणी सांगितलं होतं का गं?" तो पुटपुटला. मग डोळे पुसत म्हणाला, "नाही म्हणणार." त्याच्यावर चिडून गेले होते, परतताना माझा राग त्याच्यावर उरला नव्हता. ज्यांनी तुला नीट समजावलं नाही, वर हसले, त्यांच्यावरचा मात्र अजून शाबूत आहे.

काल पेपर झाला. पेशीच्या पडद्याबद्दल प्रश्न होता, मी पानंच्या पानं लिहीत सुटले आणि दाबाच्या गणिताला वेळ पुरला नाही. पास होईन बहुतेक. हे पत्र कुठे टाकायचं नाही, पत्ताच नाही, दुपारी चहा झाला की फाडून टाकेन.

एक मात्र तुला सांगायला जड जातंय. सकाळी मी सेंटरला सगळ्यांच्या आधी पोचते, मशीन धुऊन घेते, नळ्यांतून स्वच्छ पाणी खळखळत फिरत असतं आणि खाटा अजून रिकाम्या असतात. जिथे तुझे एवढे हाल झाले तसल्याच त्या खोलीत, आई, मला फार बरं वाटतं.